मी महादेवाला पाण्यात घातलं तेव्हा

परत जावं की नाही, या एका प्रश्नानं त्या उन्हाळ्यात माझी झोप उडवली होती. लातूरला एका कापडाच्या दुकानात मी कितीतरी वर्षं गादीवर बसून लुगडी दाखवली. मालकांना सगळे आप्पा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांच्याच घरी जेवलो, त्यांच्याच पंगतीला बसून सोमवारचे उपास सोडले. आणि एक दिवस, एका लुगड्याला डाग पडला त्यावरून, भरल्या गिऱ्हाइकांत आप्पा म्हणाले, "नोकर ते नोकरच. त्याला कशाचा कळवळा?" मी उठलो, चपला घातल्या आणि सरळ चाकूरकडची एस.टी. धरली. मला राग लवकर येतो आणि जायला मात्र फार वेळ लागतो.

गावी आलो तर दुष्काळ. होतं तेवढ्या रानाला भेगा पडलेल्या, टँकर आला तर आला. तिकडं लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, बाजारात उलाढाल वाढलेली. अशात आप्पांनी एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ निरोप धाडला, "दुकान वाढलंय. परत ये." चुकल्याचा एक शब्द नाही. गेलो तर मान खाली, न गेलो तर चूल थंड. बायको म्हणायची, "नाकानं भाकरी थापता येत असंल तर खुशाल ऱ्हावा घरी."

त्याच दिवसांत पावसासाठी गावानं महादेव कोंडला होता. गाभाऱ्याचा उंबरा लिंपून घ्यायचा, घरटी घागर ओतून पिंड बुडवायची आणि पाऊस येईपर्यंत देवाला सोडायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. ते पाहून मलाही हट्ट सुचला. देवघरातली छोटी पिंड मी पितळेच्या पातेल्यात पाण्याखाली ठेवली आणि बजावलं, "जाऊ की नको, ते सांगितल्याबिगर तुला बाहेर काढणार नाही." बायको हसली. "गावानं एक कोंडला, तुम्ही दुसरा. त्याला दम तरी घेऊ द्या."

देव गप्पच होता. पातेल्यातलं पाणी आटलं की मी आमच्या पिण्यातलं त्यात घालायचो आणि वाट पाहायचो. एका दुपारी दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला मळका पटका, कपाळाला भस्म. "माय, घोटभर पाणी." टँकर फिरकला नव्हता, रांजण कोरडा. घरात पाणी होतं ते देवाच्या पातेल्यात तेवढं. मी पिंड बाहेर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पातेलं म्हाताऱ्याच्या ओंजळीवर धरलं. आता उत्तर काही मिळत नाही, असं वाटून डोळे भरून आले.

पाणी पिऊन म्हातारा म्हणाला, "काल बी आलतो बगा. काल न्हाई म्हणलाव."

मला आठवलं. भर उन्हात कुणीतरी हाक दिली होती आणि मी आतूनच "पाणी न्हाई बाबा, पुढं व्हा" म्हणून सांगितलं होतं. मी ओशाळून विचारलं, "मग राग न्हाई आला?"

"आला की. लई आला. पर काल न्हाई म्हणलेलं माणूस आज बी न्हाईच म्हणंल, हे ठरवणारा मी कोण? तहान लागली तर त्याच दारात पुन्हा यायला लाज कशाची?"

तोंडावरून ओला हात फिरवून तो वाटेला लागला. कुठला, कोण, हे विचारायचं राहूनच गेलं. मी पिंडीपुढं बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. आप्पांना काय काय ऐकवायचं ते वाटभर घोकलं होतं. दुकानाच्या पायरीशी पाय अडखळले, तोच आप्पा गादीवरून उठून खाली आले आणि त्यांनी माझा हात धरला. "दोनदा तुझ्या गावच्या फाट्यापस्तोर आलो अन् माघारी फिरलो. तुझ्या दारात उभं ऱ्हायचा धीर झाला न्हाई रे." घोकलेलं सगळं पायरीवरच टाकून मी चपला काढल्या आणि गादीवर जाऊन बसलो.

तो म्हातारा कोण होता, याचा वाद मी कधी घातला नाही. तहानलेला माणूस होता, एवढं मला पुरतं. देवाला अट घालणं मात्र तेव्हापासून सुटलं. सोमवारी पिंडीवर पाणी घालतो, हात जोडतो आणि काही न मागता उठतो.

पुढं आप्पा गेले, तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते भाग्य मी रागापायी घालवायला निघालो होतो. त्यानं घालवू दिलं नाही.