पाटीवरचे दोन शब्द

रविवार, ११ नोव्हेंबर २००१, सकाळी सव्वानऊ. कोल्हापुरात आईवडिलांच्या घरी मी संगणकाचे खोके उघडले, ते तेव्हा.

आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. घरात वडील अप्पा, आई अव्वा. अप्पांनी कोर्टात तीस वर्षे टंकलेखन केले. निवृत्तीनंतर त्यांचे कान मंद होत गेले आणि धाकटी बहीण मेलबर्नला गेली त्या वर्षी पुरते गेले. तेव्हापासून त्यांना काही सांगायचे तर पाटीवर लिहावे लागे. बहिणीचा फोन दर रविवारी साडेदहाला येई. अव्वा वीस मिनिटे बोले, रिसीव्हर ठेवी आणि अप्पांसाठी पाटीवर दोन शब्द लिही : ‘बरी हाय.’ सहा वर्षे मुलगी त्यांच्या वाट्याला एवढीच आली. पत्रे येत, पण पत्राला मध्येच थांबवून प्रश्न विचारता येत नाही.

संगणकाचा बेत अप्पांचाच. रविवारी साडेदहाला यंत्रासमोर बस, असे त्यांनी मुलीला पत्राने कळवले होते. ती वेळ अव्वाच्या फोनची. अव्वाला हे पटले नव्हते. तरी तिने यंत्राला कुंकू लावले आणि नारळ फोडला.

कागलच्या कारखान्यात, भांडारात, मी संगणक वापरत असे. जोडणी तासाभरात झाली. स्वयंपाकघराच्या दाराशी फोन होता. तिथून मोडेमची वायर जमिनीवरूनच टेबलापर्यंत आणली. मोडेम किंचाळू लागला. अप्पांनी त्यावर तळहात ठेवला.

“लागला?” त्यांनी विचारले.

लागला आणि तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. मी वायर तपासली, खटके तपासले. दहा पस्तीस झाले.  अप्पा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले. तिसऱ्यांदा तुटल्यावर मी उठून दाराशी गेलो. अव्वा रिसीव्हर कानाला लावून उभी होती.

“कोण किंचाळतंय रं पोरीच्या घरात?”

“ते यंत्र आहे, अव्वा. तू फोन उचललास की त्यांची लाईन तुटते.”

“मग माझा फोन?”

“आधी अप्पांचं होऊ दे. सहा वर्षं झाली.”

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. स्टूल ओढले आणि फोनला पाठ लावून बसली. शेजारचे गृहस्थ एक फोन करायला आले, तेव्हा तिने बसल्या जागेवरून सांगितले, “आज न्हाय पावणं. ह्यांचं बोलणं चाललंय.”

चौथ्या खेपेस लाईन टिकली. पडद्यावर चौकट उघडली आणि तिच्यात अक्षरे उमटली. लिपी इंग्रजी, बोली घरची.

‘अप्पा, आहात का?’

अप्पांनी मला खुर्चीवरून उठवले, स्वतः बसले आणि दहा बोटांनी लिहू लागले. नजर पडद्यावर, बोटांकडे एकदाही नाही. ओळ संपली की डावा हात आपोआप वर जाई, जुन्या टंकयंत्राचा दांडा शोधी, काही न सापडता खाली येई. कारखान्यात मी दोन बोटांनी काम करीत असे. मागे उभा राहून मी नुसता पाहत राहिलो.

‘आहे. स्वयंपाक कोण करतं?’

‘आलटून पालटून. आज तो.’

‘जावयाला भाकरी थापता येते?’

‘येते. पण नकाशासारखी.’

प्रश्न गेला की उत्तर यायला श्वासाचा अवकाशही लागत नव्हता. मधे समुद्र होता. तिच्याकडे तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. दोन ठिकाणची दोन उन्हे एका टेबलावर आलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. नंतर पुष्कळ यंत्रे पाहिली. तसा स्तब्ध पुन्हा झालो नाही.

अप्पा हसले. स्वतःचे हसू ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने हसले. असे हसू त्या घरात मी कैक वर्षांत ऐकले नव्हते. स्टुलावरची अव्वा दचकून उभी राहिली, पण फोनपासून हलली नाही.

अकराला अप्पांनी ‘आता आईला फोन कर’ असे लिहिले आणि मला लाईन सोडायला सांगितले. अव्वा पाटी घेऊन आली. लिहिले, ‘येवढं काय म्हणाली?’

अप्पांना तोंडाने सांगता आले असते. त्यांनी तिच्या हातातून खडू घेतला आणि खाली लिहिले : ‘बरी हाय.’

अव्वाने ते वाचले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बघितलंस? सहा वर्सं धरून ठेवलं मनात ह्यांनी.”

फोन वाजला. त्या दिवशी अव्वा पाटी मांडीवर घेऊन बोलली आणि बोलता बोलता लिहीत राहिली. एक बाजू भरली, तिने पाटी उलटली. अप्पा शेजारी वाकून वाचत होते.

जमिनीवरची वायर पायांत येत होती. मी हातोडी घेतली, वायर भिंतीच्या कडेने फिरवली आणि क्लिपा ठोकल्या. शेवटची क्लिप अव्वाच्या स्टुलामागे बसवली.