ओहिआची राखणदारीण

"खोटं बोलतेयस," वाईलाना फोनवर म्हणाली आणि लगेच वरमली. "माफ कर गं. पुन्हा सांग."

पलीकडे हिलो शहरातल्या प्रयोगशाळेतली मुलगी होती. तिने पुन्हा सांगितलं. लाकडाच्या नमुन्यात बुरशी सापडली आहे. तीच, ओहिआची झाडं मारणारी. झाड वाचायचं नाही. उभं राहिलं, तर किडे ते पोखरतील, आणि तो भुसा वाऱ्याबरोबर उडून शेजारच्या झाडांकडे जाईल.

फोन बंद झाला तरी वाईलानाने तो कानालाच धरून ठेवला होता.

नेस्टर जनरेटरच्या खोलीच्या पायरीवर बसून मुसुबी खात होता. कुंपणाची तार ओढण्यात या माणसाचा हात धरणारा अख्ख्या डोंगरावर कोणी नव्हता, आणि खाण्यातही नव्हता. "काय गं बॉस? चेहरा असा का झालाय? टाकी फुटली की काय पुन्हा?"

"म्हातारीला लागलंय."

"कोणत्या म्हातारीला?" त्याने विचारलं आणि तिची नजर कुठे आहे ते पाहिलं. भाताची वडी तोंडाशीच थांबली. "नाही. नाही नाही नाही. तो पाण्याचा ताण आहे. तूच म्हणालीस ना, पाण्याचा ताण आहे म्हणून?"

म्हणाली होती खरी. गेल्या आठवड्यात शेंड्याची एक फांदी करपली, तेव्हा तिने ते नेस्टरला सांगितलं होतं, आणि नेस्टरपेक्षा जास्त स्वतःला. चार दिवसांत निम्मं झाड तपकिरी झालं. पानं गळली नाहीत, जागच्या जागी मेली. कोणीतरी श्वास रोखून धरावा आणि सोडूच नये, तसं.

मौना केआ डोंगराच्या त्या उतारावर पूर्वी गुरांचं कुरण होतं. वाईलानाचे आजोबा तिथे घोड्यावरून गुरं वळायचे. मालकाने जंगल तोडून गवत पेरलं, पण सावलीसाठी एक ओहिआ ठेवली, तीच ही म्हातारी. कुरण बंद पडलं, जमीन पुन्हा वन वाढवायच्या कामासाठी आली, तेव्हा वाईलाना हॉटेलातली नोकरी सोडून इथे आली. कागदावर तिचं काम जागेची आणि इमारतींची व्यवस्था. म्हणजे कुंपण तिचं, रस्ता तिचा, पाण्याची टाकी, जनरेटर, रोपांचं घर, स्वयंसेवकांची झोपायची खोली आणि तुंबलेला संडाससुद्धा तिचाच. रानडुकरं कुंपणाखालून शिरली की तीच शिव्या घालणार, आणि पाहुणे बिछाने तसेच टाकून गेले की तीच.

म्हातारीचं धुळीसारखं बी तिने आपल्या हाताने गोळा केलं होतं. त्यातून झालेली रोपं आता म्हातारीभोवती डोक्यापेक्षा उंच वाढली होती. त्यांना लाल लेहुआची फुलं यायला लागली होती. परतलेले पक्षी पहाटे असा कालवा करायचे की स्वयंसेवक तक्रार करायचे. त्यावर वाईलाना म्हणायची, "त्यांचं घर आहे. झोप येत नसेल तर हॉटेलात जा, मला पत्ता माहीत आहे."

आणि तिचं फाटक! बुटांचे तळवे घासल्याशिवाय, स्पिरिट मारल्याशिवाय तिथून कोणी आत गेलं नव्हतं. एका बड्या देणगीदाराला तिने ओंडक्यावर बसवून त्याचे चकचकीत बूट ब्रशने खरवडले होते. तो हसत म्हणाला होता, "बाई, मी मदत करायला आलोय." ही म्हणाली, "हो ना, मग दुसरा पाय द्या."

मग ही बुरशी आत आली कुठून?

दोघं कुंपणाच्या कडेने चालत गेले. तार सगळीकडे ताठ. एकाही डुकराचा माग नाही. नेस्टर वाटेत बडबडत होता, "ते शिकारी असणार. नाहीतर ते विद्यापीठातले. त्यांच्या पाठपिशव्या कोण बघतं?"

"मी बघते."

तो पुढची तार ओढून बघू लागला.

म्हातारीच्या बुंध्याशी वाईलाना गुडघ्यांवर बसली. गवत बाजूला केलं. जाड मुळावर एक साल निघालेली जागा होती, काळी पडलेली.

"हे गवत कापायच्या यंत्राने झालंय," नेस्टर हळूच म्हणाला. "माझ्या हातून. ईस्टरच्या आधी. यंत्र मी धुतलं होतं गं, आईशप्पथ, दोनदा."

"माहीत आहे." ती त्याच्याकडे बघतही नव्हती. त्या जखमेला टेकून एक पुडकं पडलं होतं. रुंद पानांचं, नीट बांधलेलं, आता वाळून चुरचुरीत झालेलं. गाठ तिने ओळखली. लहानपणी त्या गाठीने बांधलेलं जेवण तिने शाळेत नेलं होतं.

तिने पुडकं सोडलं. आत ओहिआच्या डहाळ्या होत्या. कापलेल्या. वाळक्या लाल केसरांसकट.

नेस्टरने तोंडावर हात ठेवला.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात हेआलानी आंटी फाटकाशी आली होती. आंटी म्हणजे आईची धाकटी बहीण, उभा जन्म हुला नाच शिकवण्यात गेलेला. नाचाच्या आधी देवीची वेदी रानातल्या डहाळ्यांनी सजवायची, आणि नाच संपला की रानाचं रानाला परत करायचं, ही रीत तिने कधी मोडली नाही. वाईलानाने तिलाही ओंडक्यावर बसवलं होतं.

"माझे पाय धुतेस? मी तुझं ढुंगण धुतलंय, कार्टे!"

"म्हणूनच तर फेडतेय. उचल पाय."

"आणि हे धर तोवर. खाली ठेवू नकोस, देवीचं आहे."

वाईलानाने पुडकं दोन्ही हातांत, छातीशी धरलं होतं. आणि ब्रश नेस्टरच्या हाती दिला होता, पुडकं खाली ठेवायचं नाही म्हणून. उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. देवाला द्यायचं कोण उघडतं?

दुपारी आंटी आली. फोनवर वाईलाना फक्त "ये" म्हणाली होती. म्हातारी दिसताच आंटीची पावलं अडखळली. "अगं बाई. हिला काय झालं?"

"आंटी, त्या डहाळ्या कुठल्या?"

"कुठल्या डहाळ्या?"

"वेदीच्या."

"खाली पुनाच्या रानातल्या. मी काय तुझ्या रानातल्या चोरल्या? तिथली झाडं चांगली हिरवीगार होती. विचारून घेतल्या मी, रानाची परवानगी मागून, सगळं म्हणून."

"मग परत तिथेच का नाही नेल्या?"

"गेले होते ना! रस्ता अडवलेला. आडवी दोरी बांधली होती, पोरगा उभा होता, सोडेना. म्हटलं, आपलंच रान आहे वर, आपलीच म्हातारी आहे..."

"रस्ता का अडवला होता, आंटी?"

आंटीने झाडाकडे पाहिलं, मग मुळाकडे, मग वाईलानाच्या हातातल्या डहाळ्यांकडे. एकदम ती तिथेच खाली बसली.

"मी?" ती म्हणाली. "हे पुनातून मी आणलं?"

"मी आत घेतलं." वाईलाना म्हणाली. "हातात धरून."

कोणी कोणाला धीर दिला नाही. नेस्टर टोपी काढून उभा होता. शेवटी तोच म्हणाला, "आंटी, आज पाडावं लागेल. उद्याचा वारा वरून आहे. पोरं वाचायची तर आजच." पोरं म्हणजे भोवतीची झाडं. त्याने ताडपत्री आणली होती, पडल्यावर झाकायला.

"पाडा," आंटी म्हणाली. "मला विचारू नका. पाडा."

वाईलानाने करवत उचलली, आणि आंटीने तिचा घोटा पकडला. पकड इतकी घट्ट की वाईलाना दचकली.

"थांब. तसं नाही. पाड, पण थांब." तिने घोटा सोडला नाही. "ते एक पुडकं नव्हतं गं. वेदी मोठी होती. मी डहाळ्या वाटल्या पोरींना. म्हटलं, रस्ता बंद आहे, जिने तिने आपापल्या रानात परत करा. एक कोनाची आहे. एक तिकडे काऊची. दोघी वोल्केनोच्या..."

नेस्टर पुटपुटला, "अरे देवा."

वाईलानाच्या डोळ्यांपुढे अख्खं बेट उभं राहिलं. प्रत्येक उतारावर कोणीतरी सगळ्यात जुन्या, सगळ्यात लाडक्या झाडाच्या पायाशी ते पुडकं ठेवतंय. दोन्ही हातांनी. मान लववून.

"त्यांना मी सांगते," ती म्हणाली. "नंबर दे."

"तू कोण सांगणार?" आंटी बुंध्याला हात न लावता उठली. "परत करा असं मी म्हणाले. मीच सांगणार." तिने पिशवीतून फोन काढला. दोनदा चुकीचं नाव लागलं. मग पलीकडून कोणीतरी आनंदाने ओरडलेलं सगळ्यांना ऐकू आलं, "आंटी! किती दिवसांनी!"

"मालिआ, ऐक," आंटी म्हणाली. "मी तुला एक चुकीचं शिकवलंय. आहेस तिथून ऊठ. ते पुडकं कुठे ठेवलंस, त्या झाडापाशी जा, आणि मला सांग, शेंड्याची पानं कशी दिसतात."

वाईलानाने करवतीची दोरी ओढली. करवत पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आंटीने एका कानावर तळवा घट्ट दाबला, दुसऱ्या कानाशी फोन धरला, आणि फाटकाच्या दिशेने चालत चालत, आवाजाच्या वर आवाज चढवत, मालिआला तेच पुन्हा सांगू लागली.