चुलीमागची काजळी

इंग्रजी अमदानीतल्या आमच्या नाशिक नगरपालिकेतला तो कारकून प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसायचा. गल्लीतले विणकर करीमचाचा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा विरोधकांनी हरकत घेतली, "यांचा माग इथं, घर सिन्नरला. हे इथले रहिवासीच नाहीत." अर्ज बाद होणार या धास्तीनं सगळी गल्ली चाचांच्या दारात जमली.

चौकशीला कारकून स्वतः आला. कागद न मागता, चाचींची परवानगी घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि चुलीमागच्या भिंतीवरून त्यानं बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं.

चष्मा पुसून तो म्हणाला, "एवढी काजळी धरायला वर्षं लागतात." तिथंच त्यानं 'रहिवासी' असा शेरा लिहिला.

गल्लीत एकच जल्लोष झाला. चाचांनी त्याचे हात धरले. ते सोडवत तो हळूच म्हणाला, "मत मात्र मी तुम्हाला देणार नाही."