पोटुशी पाकट
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी एक पोटुशी पाकट मासळी बर्फात घालून किन्हवलीला घरी आणली. आईने विळीवर तिचं पोट चिरलं, तर आत तीन इवली पिल्लं. आई-मासळीच्या अंगातले धातू पिल्लांत किती उतरतात, ते मला तपासायचं होतं.

बाळंतपणाला आलेली ताई शेजारीच बसली होती.

"काय काय जातं रे?" तिने विचारलं.

"जस्त, तांबं, लोह. पारा पण."

ताईचा हात पोटावर गेला. बोलून बसलो, असं मला झालं. आईने हात धुऊन नाचणीची भाकरी तिच्यापुढे ठेवली.

"लोह जातं ना? मंग ही खा गो. घाबरायचं नाय."

ताई हसली आणि तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. महिन्याभरात गुटगुटीत भाची झाली. प्रकल्पाचा अहवाल मी तिच्या पाळण्याला झोके देत लिहिला.