नत्थूजींची कोरडी बोटं

नत्थूजी गवंडी बोलतात कसे, ते आधी ऐका. घसा खाकरून, "अऽऽ भाऊ, गिलावा म्हंजे कसा, हात फिरवला का आरसा!" आणि प्रभाकरराव दुकानदार? ते नाक वर करून नुसतं म्हणतात, "बरंऽऽ." माल परत आणणाऱ्या गिऱ्हाइकालाही हेच. म्हणजे, तू खोटारडा आहेस, पण बोल. मला दोन्ही आवाज हुबेहूब जमतात.

प्रभाकररावांच्या देवघरात नत्थूजींनी फरशी बसवली, त्याच दिवशी चांदीचं निरांजन गेलं.

"मी नाई नेलं, भाऊ."

"बरंऽऽ."

तेव्हापासून दोन महिने केळझरात त्यांना कुणी एक वीट लावू दिली नाही.

शेवटी ते माझ्या मयुरीताईकडे आले. ताई वर्ध्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. "बेटा, खोटं पकडाची मशीन बनवून दे मले."

ताईनं दोन ट्रान्झिस्टर, बॅटरी आणि लाल दिवा जोडला. दोन तारा बोटांना बांधायच्या. खोटं बोलताना घाम फुटतो, ओल्या कातडीतून वीज जाते, दिवा लागतो. प्रभाकरराव कबूल झाले, दिवा नाही लागला तर चौकात शब्द मागे घेईन.

आमच्या ओसरीवर नत्थूजी बसले, शेजारी त्यांची बायको, रुख्मिणीकाकू, समोर प्रभाकरराव.

"निरांजन नेलं?" ताईनं विचारलं.

"नाई!"

दिवा गप्प. नत्थूजींचे सगळे दात दिसले.

"थांब पोरी," प्रभाकरराव म्हणाले. "नत्थू, म्हण, मी कलेक्टर आहो."

"मी कलेक्टर आहो."

दिवा गप्पच. सगळे हसले, नत्थूजीही.

ताईनं त्यांची बोटं पाहिली. तीस वर्षांच्या सिमेंटनं रेषा खाऊन टाकलेल्या, कातडी कोरडी ठाक. रेशनच्या मशीनवरही त्यांचा अंगठा उमटत नाही. ताईनं बोटं पाण्यात बुडवली.

"नाव काय?"

"नत्थू." दिवा पेटला.

"गाव?"

"केळझर." पेटलेलाच.

"निरांजन?"

"नाई नेलं ना भाऊ!"

"पाहा, पेटला!" प्रभाकररावांनी चपला घातल्या.

"काका, तो नावालेही पेटला!" ताई ओरडली.

"बरंऽऽ." आणि गेले.

रुख्मिणीकाकूनं स्वतः तारा सोडल्या. पदरानं त्यांची बोटं एकेक करून पुसली. मग हळूच विचारलं, "आता मशीन नाई. मले त खरं सांगा. नेलं का हो?"

"नाई व."

"बरंऽऽ," काकू म्हणाली. हेल तोच.