बीरगावच्या रामटेकेंची सायकल

गौतम रामटेकेंच्या नाकातून आधी मोहाचा वास गेला. चैत्रात रायपूरजवळच्या बीरगावच्या बाजारात मोहफुलांच्या टोपल्या येत. बायको सरिता म्हणायची, "केवढा घमघमाट सुटला." ते वाकून हुंगत, पण काहीच लागत नसे. सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यात उभा जन्म गेला, नाक मेलं असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

निवृत्तीनंतर उजवा हात थरथरू लागला. अक्षर मुंगीएवढं झालं. मग पायांची पाळी आली. चालता चालता उंबऱ्याशी येत आणि तिथंच खिळून राहत.

"काहून थांबले?" सरिता विचारायची.

"मी नाही थांबलो. पाय थांबून राहिले."

रायपूरच्या डॉक्टरीणबाईंनी पार्किन्सन सांगितला; वास जाणं हीही त्याचीच खूण होती. मेंदूतल्या काही पेशींवर ऑक्सिजनच्याच बिघडलेल्या रूपाचा मारा होतो, भोवती बारीक सूज धुमसत राहते, आणि हालचाल सांभाळणाऱ्या पेशी एकेक करून विझतात. सुरुवात कशानं होते हे अजून पुरतं कळलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या.  घरी येताना रिक्षात रामटेके म्हणाले, "आपल्या कारखान्यातला लोखंडाचा माल ओला झाला की गंजून आतल्या आत तापते ना, तसंच दिसते हे." सरितानं त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. तो तिथंही थरथरत राहिला.

गोळ्यांनी हात जरा निवला, पाय मात्र अडतच राहिले. एका सकाळी ते फाटकाजवळ असेच अडकले. आधाराला म्हणून भिंतीशी टेकलेली जुनी सायकल धरली. काय मनात आलं कोण जाणे, टांग टाकली आणि निघाले. शिवनाथ नदीच्या पाण्यावर डोंगा सरकावा तशी सायकल पाऱ्यातून, म्हणजे त्यांच्या वस्तीतून, सरकत गेली. मागून धावणारी सरिता भीतीनं रडत होती. ते वळून परत आले तेव्हा चेहरा वीस वर्षांनी लहान दिसत होता.

डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही. चालता न येणाऱ्या काहींना सायकल जमते, म्हणाल्या. पण हेल्मेट हवं, सोबत माणूस हवा आणि रस्ता मोकळा हवा.

मोकळा रस्ता नव्या रायपूरला होता. राजधानीसाठी बांधलेले सहापदरी रस्ते, त्यांवर माणूस नाही, दुतर्फा कोवळी झाडं आणि दूर धुक्यात तरंगल्यासारख्या सरकारी इमारती. मुलगी रीना रविवारी पहाटे त्यांना आणि सायकलीला छोट्या टेम्पोत घालून तिकडे न्यायची. मग रामटेके निघत. चाकांचा बारीक आवाज तेवढा येई. आपण झोपेत आहोत की जागे, हे त्यांना कळेनासं होई, आणि कळून घ्यायची इच्छाही नसे. शरीर आहे हेच विसरायला होई.

"कैसा लगा, पापा?" बीरगावात वाढलेली रीना हिंदीतच विचारायची.

"कोणीतरी मले उचलून नेऊन राहिलं, असं वाटते."

सायकलवरून उतरलं की पाय पुन्हा जमिनीला चिकटत. रीनानं एक युक्ती शोधली होती. ती आपलं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेवायची. "मेरे पैर के ऊपर से आइए." मग ते अलगद ओलांडून येत.

चार हिवाळे असे गेले. पुढे तोल सुटू लागला, तेव्हा त्यांनी आपणहून सायकल भाच्याला दिली. रविवारची फेरी मात्र चुकली नाही. आता ते रीनाच्या स्कूटरवर मागं बसतात, डोळे मिटून, आणि तिला सांगतात, "हळू चालव. घाई नाही."