आत्यानं खिडकीतून ठेवलेलं नाव

"पहिलं कोण खोकलं?" माझी थोरली बहीण अक्का घरात शिरताना आधी हेच विचारायची. ख्यालीखुशाली नंतर. पापनाशमच्या दवाखान्यात ती नर्स होती. दर रविवारी बसनं तंजावूरला, राजवाड्यामागच्या आमच्या घरी यायची आणि दादाच्या चार पोरांची उलटतपासणी घ्यायची. खोकला शाळेतून थोरल्यानं आणला, त्याच्या उशीवर धाकटा निजला, मग दोघी मुली, शेवटी आई. अक्काचा माग कधी चुकला नाही.

आईला हे मुळीच पटत नसे. आमच्याकडे उष्ट्याचं भारी बंधन. पाणी प्यायचं ते वरून, भांड्याला ओठ लागता कामा नये. "एवढं पाळतो, मग रोग शिरेल कुठून?" आई विचारी.

"भांडं सोवळ्यात ठेवलंस गे आई, वाऱ्याला कोण सोवळं नेसवणार?"

त्यातून आमच्याकडे नुकतीच केबल आलेली. गल्लीतली दहा-बारा पोरं टीव्हीपुढे खांद्याला खांदा लावून शिंकत बसत.

लग्नानंतर नऊ वर्षांनी माझ्या बायकोला मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी, मूठभर. डॉक्टरांनी बजावलं, हिला साधी सर्दीही झेपणार नाही. अक्कानं रजा काढून बाळंतिणीच्या खोलीवर पहारा बसवला. "खोकणारा देव आला तरी बाहेर!" पोरं उंबऱ्याबाहेरून बाळाला गाणी म्हणत. आई रुसली, पण खोकला काही आत गेला नाही.

रजा संपून अक्का परत गेली, ती थेट बारशालाच आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिला स्वतःला मूल नव्हतं, आमच्यासाठी नवस तिनंच केलेले. रेशमी साडी नेसून आली आणि दाराबाहेरच्या ओट्यावरच बसली. बसमध्ये घसा धरला होता.

"एका दिवसानं काय होतंय? तोंडाला पदर लाव नि ये," आई म्हणाली.

मीही चिडलो. "अक्का, आज तरी नर्सपणा पुरे!"

"गप रे! खोकला काय नातं बघून येतो?"

मग खिडकीबाहेर उभी राहून, फाटक्या आवाजात ती ओरडली, "कावेरी! नाव कावेरी!" कानात सांगायचं नाव बाळाआधी अख्ख्या गल्लीला कळलं. समोरची फुलवाली हसत सुटली, मग आम्हीही.

मला राहवेना. बाळाला उचलून मी खिडकीशी नेलं. अक्कानं दोन्ही हात पुढे केले, आणि हात तसेच ठेवून एकेक पाऊल मागे सरत ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली.